मार्सेची फायनल आणि रविवारचा सोफा

२५ मार्च २०२०, बुधवार. आइंडहोवन

मार्सेची फायनल पुढे ढकलली. सकाळी मेल आला. नवी तारीख 'यथावकाश'. विमान, हॉटेल, बाबांचा व्हिसा, सगळंच बारगळलं.

खडकीला फोन केला. तिकडेही आजपासून कडकडीत बंद. बाबा म्हणाले, "सासऱ्याला रग्बी बघायला युरोपात नेणारी सून म्हणून सोसायटीभर तुझी फुशारकी मारली गं. माझीच दृष्ट लागली."

स. लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "टीव्हीवर बघा ना. चिखल तोच." त्याला बापाच्या खेळाचा लहानपणापासून तिटकारा. दर रविवारी बाबा मैदानावर शिट्टी घेऊन आणि हा पायरीवर पाण्याच्या बाटल्या राखत. त्याचं चूक नाही. पण लग्नानंतर व्हिसापायी मी आठ महिने खडकीत अडकले, नवरा इकडे नेदरलँड्समध्ये, मी तिकडे नवखी. आई दुपारच्या पडल्या की बाबा आवाज बंद करून मॅच लावायचे आणि मला कुजबुजत नियम सांगायचे. तेव्हापासून मी त्यांच्या टीममधली.


५ एप्रिल, रवि.

रविवारचा अकराचा व्हिडिओ कॉल. बाबांनी आज टेबलावर सोळा वाट्या मांडून स्क्रम दाखवला. आठ इकडे, आठ तिकडे, समोरासमोर रेटा. "तुझ्या सासूबाई गेल्यापासून वाट्या नुसत्या पडून आहेत. निदान ढकलाढकली तरी करू देत." एक वाटी खाली पडली, घरंगळत गेली. ती आणायला उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. नुसती खुर्ची बघत बसलो आम्ही.


१८ ऑक्टोबर, रवि.

काल फायनल झाली एकदाची, पण इंग्लंडात. रिकाम्या स्टेडियममध्ये. बाबा खडकीत, मी इथे, फोन कानाला. त्यांचा टीव्ही माझ्या चार सेकंद पुढे, त्यामुळे बॉल रेषेपार टेकवल्याचा प्रत्येक ट्राय मला आधी त्यांच्या तोंडून कळला.

माणसं नसली की रेफरीचं सगळं बोलणं ऐकू येतं. बाबा खूश. फॅक्टरीची नोकरी सांभाळून वीस वर्षं रेफरी होते, त्यामुळे बॉल बघायचाच नाही, रेफरी कुठे उभा आहे ते बघायचं, ही त्यांची शिकवण. "आता कळेल जगाला, रेफरी किती समजावत असतो ते. लोकांना फक्त शिट्टी ऐकू येते."

स. वर होता. दार लावून.


२३ नोव्हें., सोम.

स. काल गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट. दोन बॅगा, मॉनिटर, त्याची सायकल.

भांडण नाही. भांडण असतं तर निदान काहीतरी हाताला लागलं असतं. मार्चपासून एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून काम केलं आणि लक्षात आलं, 'चार्जर कुठेय' याच्यापलीकडे आम्ही बोलतच नाही. आधीही बोलत नव्हतो बहुतेक. तेव्हा दिवसभर बाहेर असायचो, म्हणून खपून गेलं.

बाबांना काय सांगायचं? स. म्हणाला, "आता नको. एकटे आहेत, त्यात बाहेर हे सगळं. मेमध्ये फायनलला येतील, तेव्हा सांगू." मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी हे सगळं त्याच्यावर ढकलणार.

खरं कारण मला माहीत आहे. नवरा गेला ते सोसेन. पण वेगळं झाल्यावर सासरा कुणाच्या वाट्याला? मुलाच्याच. मला बाबांना सोडायचं नाही. आई गेल्या तेव्हा मीच त्यांच्याशेजारी बसले होते. माझे अप्पा गेल्यापासून मला वडील म्हणून हाक मारायला दुसरं कोण आहे.


२९ नोव्हें., रवि.

पहिला रविवार. स. पावणेअकराला आला, भिजून. स्वतःच्या घराची बेल वाजवली. मी टॉवेल दिला. डोकं पुसून सोफ्यावर त्याच्या बाजूला बसला. अकरा ते साडेअकरा आम्ही नवराबायको.

"आज काय बेत?" बाबा.

"भरली वांगी," मी. फ्रिजमध्ये दही आणि ब्रेड.

कॉल संपल्यावर स. म्हणाला, "ठीक झालं ना?" ऑफिसात प्रेझेंटेशननंतर विचारतात तसं. वांग्याचं नाव ऐकून त्यालाही भूक लागली असणार. मी विचारलं नाही, तो थांबला नाही.


२ मे २०२१, रवि.

बाबा घरी आले. अकरा दिवस हॉस्पिटल, त्यातले सहा ऑक्सिजनवर. इथून जायला वाटच नव्हती. शेजारचे देसाईकाका दाराच्या काचेतून फोन धरायचे, एक पांढरी चादर आणि नळी एवढंच दिसायचं.

या अकरा दिवसांत स. रोज यायचा. रविवार नसताना. दोघं सोफ्यावर, मधे फोन. एकदा त्याने माझा हात धरला. वाटलं, आता काहीतरी. मग फोन वाजला.

आजच्या कॉलला बाबांचा आवाज अर्धा झालाय. थांबून थांबून म्हणाले, "तिकडे तुम्ही दोघं एकमेकांना आहात... एवढ्यावर मी... श्वास घेत होतो बघ."

या महिन्यात सांगायचं ठरलं होतं. आता कुठल्या तोंडाने?

स. जाताना जिन्यात बसून रडला. मी पाणी दिलं. त्याच्याजवळ बसावं की नाही ते कळेना, उभीच राहिले.


२३ मे, रवि.

फायनल यंदाही मार्सेहून हलवली, परत इंग्लंडात. काल बाबांनी अर्धीच बघितली, दमले. "पुढच्या वर्षी मार्सेला होणार म्हणतात. तोवर फुफ्फुसं दुरुस्त करतो." रोज शंभर पावलं चालतात गच्चीवर. माझ्यासमोर मोजून दाखवली.


१६ जानेवारी २०२२, रवि.

मी पॉझिटिव्ह, गुरुवारपासून. स. घरात येऊ शकत नाही. रविवार काही थांबत नाही.

म्हणून काल सोफ्याचं निळं कव्हर, दोन उशा आणि भिंतीवरचं वारली चित्र पिशवीत भरून दाराबाहेर ठेवलं. स. सायकलला अडकवून घेऊन गेला आणि त्याच्या सोफ्याला चढवलं. आज कॉल तिथून. "केतकीला जरा कणकण आहे, आत झोपलीये." मी इथे उघड्या सोफ्यावर पांघरूण घेऊन घड्याळ बघत.

साडेअकराला स.चा मेसेज: 'झालं. बाबा म्हणाले चित्र तिरकं आहे, सरळ कर. मी बाबांसमोर सरळ केलं.'

हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग रडायला लागले. दोघं शिकलेसवरलेले, चाळिशीला टेकलेले, आणि बापाला फसवायला उशा पळवतोय.


३ एप्रिल, रवि.

बाबांचा व्हिसा आला. मार्सेही नक्की. २८ मे, दोन तिकिटं काढली, मी आणि बाबा.

कॉलनंतर स. निघाला नाही. कोट हातात धरून उभा. त्याला कुणीतरी भेटली आहे, ऑफिसातली. जुलैपासून एकत्र राहणार. घटस्फोटाचे कागद आधीच झालेले; सभ्यपणे सांगितलं, मीही सभ्यपणे ऐकलं. वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. मग म्हणाला, "बाबा परत गेले की मी त्यांना फोनवर सांगतो सगळं."

"फोनवर नाही. मी सांगणार. समोर बसून. मॅच झाल्यावर."

"तू का?"

त्याला वाटलं मी त्याची बदनामी करणार. मला फक्त पहिली असायचं होतं. माझ्या तोंडून कळलं तर कदाचित माझे राहतील, एवढाच हिशेब.


१९ मे, गुरु.

स. बॅग घेऊन आला. तीन आठवड्यांचा नवरा. दाढीचं सामान बेसिनवर, बूट दारात, जॅकेट खुंटीला. झोपायला अभ्यासाच्या खोलीत, 'घोरतो म्हणून' असं सांगायचं ठरलं. घर भरल्यासारखं दिसायला लागलं. ते मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.


२१ मे, शनि.

बाबा आले. निम्मे झालेत. विमानतळावर व्हीलचेअरवाल्याला हाताने थांबवलं आणि चालत बाहेर आले, शर्ट खोचून. आधी माझ्याकडे, मग स.कडे. स.च्या लक्षात आलं ते.

बॅगेत गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि १९८९ची रेफरीची जर्सी. "फायनलला घालीन म्हणतो. बसते का बघ." सैल होते.


२४ मे, मंगळ.

बाबांना आमच्या रग्बी क्लबात नेलं. महिन्यातून एकदा तिथल्या बारमागे मी स्वयंसेवक म्हणून उभी असते, सगळे ओळखतात. हंगाम संपलाय, मैदान रिकामं. बाबांनी बुटाने गवत दाबून बघितलं. "गादी आहे गं ही. आम्ही मुरमावर पडायचो." मग पंचवीस पावलं पळाले, खरंच पळाले, आणि गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. मी घाबरले. ते हसत होते.

संध्याकाळी स. सरबत करत होता. चमच्यासाठी तीन खण उघडले. शेवटी मला विचारलं. बाबा समोर बसून पेपर वाचत होते. डच पेपर. बाबांना डच येत नाही.


२७ मे, शुक्र. मार्से

पोचलो. ऊन, बंदर, मासळीचा वास. बाबांना एकदम अलिबाग आठवलं. दोन्ही टीमचे लोक रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून गातायत. एका आयरिश आजोबांनी बाबांची जर्सी बघून सलाम ठोकला. बाबा दिवसभर तेच सांगतायत, मलाच, मी शेजारी असताना.

उद्या. मॅच झाली की. बंदरावर बसून. वाक्य पाठ केलंय: 'बाबा, तुम्हाला एक सांगायचंय, ते मी तुमच्यावर अविश्वास म्हणून लपवलं नाही.' फार लांब आहे.


२९ मे, रवि. मार्से विमानतळ

जसं झालं तसं लिहायला हवं, नाहीतर मी ते मनात बदलत राहीन.

जागा वरच्या, उन्हाच्या. निळे आयरिश, पिवळे-काळे फ्रेंच. आमच्याभोवती सगळे पिवळे-काळे. पहिला हाफ बाबा रंगात होते. "बघ, रेफरी आत्ता कुठे गेला? त्याला कळलंय बॉल इकडून निघणार." माझ्या दंडाला कोपर मारून सांगत होते. मी इतक्या वर्षांत इतकी सुखी नव्हते. हे खरं आहे.

हाफटाइमला पाण्याची बाटली दिली. अर्धी प्यायले, झाकण लावलं.

"समीर कुठे राहतो गं?"

"बाबा..."

"स्वतःच्या घरात माणूस चमचा शोधत नाही. कुठे राहतो?"

"दुसरीकडे. सायकलने वीस मिनिटं."

"केव्हापासून?"

"दिवाळीनंतर. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या."

"म्हणजे माझ्या हॉस्पिटलच्या आधी."

"हो."

"चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही, बाबा."

"कुणाची तरी असते. शिट्टी उगाच वाजत नाही."

पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मैदानावर बँड वाजत होता, मला ओरडून बोलावं लागत होतं. घटस्फोटाचे कागद झालेत, समीरला दुसरी भेटली आहे, हे मी सासऱ्याच्या कानात ओरडून सांगितलं. पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून बघितलं.

"आणि रविवारी?"

"तो यायचा. कॉलपुरता."

बाबांनी बाटली पायाशी ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लॉकडाऊनात मी आठवड्यातून एकदा दाढी करायचो. रविवारी. इस्त्रीचा शर्ट घालायचो. तुम्हाला वाटू नये की म्हातारा खचला."

"आम्हीही तुमच्यासाठीच केलं, बाबा."

"नाही," म्हणाले. "तुम्ही तुमच्यासाठी केलंत."

स.चं माहीत नाही, माझ्यापुरतं ते खरं आहे.

दुसऱ्या हाफमध्ये कोपर नाही, काही नाही. निळे पुढे होते. शेवटच्या मिनिटांत पिवळे-काळे रेषेपाशी आले, ढकलत राहिले, ढकलत राहिले, आणि कोपऱ्यात बॉल टेकवला. जिंकले. सगळं स्टेडियम उभं. आम्ही दोघंच बसलेले. शेजारच्या धिप्पाड फ्रेंच माणसाने आम्हाला दोघांना एकत्र कवेत घेतलं, त्याला वाटलं आम्हाला आनंदाने रडू आलंय. बाबांनी त्याची पाठ थोपटली.

बाहेर पडताना म्हणाले, "रेफरी चांगला होता." बस. बंदरावर आम्ही बसलो नाही.

आता समोर बसलेत. जर्सी बॅगेत घातली. माझ्या मांडीवरची ही वही त्यांना दिसतेय, तरी काय लिहितेस असं विचारत नाहीत.


१ जून, बुध. आइंडहोवन

चहा दिला. "थँक यू." पोळी वाढली. "थँक यू." चौदा वर्षांत या माणसाने मला कधी थँक यू म्हटलेलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबा काल स.शी बोलले. काय बोलले माहीत नाही, स.चे डोळे लाल. फ्लॅटवर परतायला बॅग भरता भरता मला तो म्हणाला, "तू थांबायचं होतंस." मी म्हटलं, त्यांनीच विचारलं. तो म्हणाला, "मग खोटं बोलायचं." सवय लागलीये दोघांना.


३ जून, शुक्र.

बाबा सकाळी बॅग भरून खाली आले. "उरलेले दिवस समीरकडे राहतो. तुझ्यावर भार कशाला."

"भार?"

"मुलाकडे राहायला आलोय. मुलगा राहतो तिथे राहायला हवं."

रागाने नाही, अगदी समजावून सांगितलं. दारात थांबले, चपला घालताना भिंतीला हात धरला. मी दुसरा हात पुढे केला. घेतला नाही.

गेल्यावर कुळथाचं पिठलं केलं. कुणासाठी कोण जाणे. अर्धं टाकलं.


५ जून, रवि.

अकरा वाजले. कुणी आलं नाही, कुणाला फोन नाही. बाबा याच गावात वीस मिनिटांवर, आणि मी खिडकीशी.

बाथरूममध्ये त्यांच्या बीपीच्या गोळ्या राहिल्यात. आधी स.ला मेसेज करणार होते. मग स्वतःच गेले सायकल दामटत. बाबा खाली दारापर्यंत आले. दाढी केलेली नव्हती. पांढरे खुंट. डबी घेतली, झाकण उघडून बघितली.

"जेवलीस का?" विचारलं, आणि विचारून बसल्यासारखे ओठ मिटून घेतले.

"नाही," म्हटलं. पहिल्यांदा रविवारी खरं उत्तर दिलं.

वर ये म्हणाले नाहीत. पण लगेच आतही गेले नाहीत. दोघं दारात उभे होतो, एक बाई कुत्रा घेऊन मधून गेली.


११ जून, शनि.

बाबा परत गेले. स.ने विचारलं होतं, 'येतेस का विमानतळावर?' बाबांनी सांगितलं म्हणून की त्याने आपणहून, ते विचारायचं धाडस झालं नाही. मी गेले.

आगगाडीत तिघं. बाबा खिडकीशी, बाहेर सपाट हिरवं, गायी. स. मधेच कागदपत्रं तपासत होता. विमानतळावर रांग लांबच लांब. रांगेचं टोक आलं तशी स.ने वाकून नमस्कार केला, बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जपून राहा."

मग मी. वाकू की नको, याच्यात दोन क्षण गेले. नाव बदललंय, कागद झालेत, कोण मी त्यांची? तरी वाकले. पायांना हात लावला. पायमोजे मी घेऊन दिलेले.

डोक्यावर हात आला. मी थांबले. लग्नाच्या मांडवापासून हा माणूस मला एकच आशीर्वाद देत आलाय, सगळ्या सुनांना देतात तोच, अखंड सौभाग्यवती भव. तो आता देता येत नाही. दुसरा त्यांना येत नाही. हात डोक्यावर तसाच. वरून नुसता श्वास ऐकू येत होता, हॉस्पिटलनंतरचा, थोडा घरघरणारा. मागच्या माणसाने ट्रॉली पुढे सरकवली, माझ्या टाचेला लागली. मी हलले नाही. मला शब्द हवे होते. कुठलेही चालले असते.

"ऊठ," म्हणाले शेवटी. "ऊठ, केतकी."

उठले. ते आत गेले. मागे वळून बघितलं की नाही ते स.ला विचारलं. तो म्हणाला, त्याचं लक्ष नव्हतं.